बदली ड्रायव्हरचंही नाव नोंदवहीत लिहा : नॅस्कारला खुलं पत्र

प्रति,
स्पर्धा विभाग,
नॅस्कार, डेटोना बीच, फ्लोरिडा

स. न. वि. वि.

२२ ऑगस्ट २०२५ च्या रात्री डेटोनाला एक्सफिनिटी मालिकेची, म्हणजे नॅस्कारच्या दुसऱ्या स्तरावरच्या मालिकेची, शर्यत झाली. ८८ नंबरची गाडी पहिली आली. शर्यत सुटली तेव्हा त्या गाडीत १९ वर्षांचा कॉनर झिलिश होता. थोड्याच फेऱ्यांनी पिवळा झेंडा (सगळ्यांनी वेग कमी करण्याची खूण) पडला, गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, आली, झिलिश उतरला आणि त्याच्या जागी पार्कर क्लिगरमन बसला. तिथून शेवटपर्यंत गाडी क्लिगरमनने चालवली आणि शर्यत संपल्याचा चौकटींचा झेंडाही त्यानेच घेतला. आपल्या अधिकृत नोंदीत मात्र विजेता म्हणून एकट्या झिलिशचं नाव आहे. क्लिगरमनच्या खात्यावर त्या मालिकेतले विजय त्या रात्रीआधी शून्य होते आणि त्या रात्रीनंतरही शून्यच राहिले.

या शून्याबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे. हेच म्हणणं इंग्रजीतून आपल्या कार्यालयाकडे वेगळं पाठवलं आहे. मराठीत लिहितोय ते शार्लटच्या आसपास राहणाऱ्या आणि शर्यती पाहणाऱ्या आमच्या मंडळींसाठी, आणि भारतात भल्या पहाटे उठून थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांसाठी. शेवटची फेरी ज्याने मारली त्याचं नाव कुठेच कसं नाही, हा प्रश्न त्यांच्याकडून मला अनेकदा आला आहे.

नियम जुना आणि साधा आहे. शर्यत सुरू करताना जो गाडीत असेल, निकाल त्याचा. नंतर गाडी कोणीही चालवो, क्रमांक, गुण आणि विजय सुरुवात करणाऱ्याच्या नावावर. या नियमामागची गरज मला मान्य आहे. झिलिश वॉटकिन्स ग्लेनला शर्यत जिंकल्यावर गाडीच्या खिडकीत चढून उभा राहताना घसरून पडला होता आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. पडल्याला दोन आठवडेही झाले नव्हते. डेटोनाला पूर्ण शर्यत चालवणं म्हणजे ताशी १८० मैलांच्या घोळक्यात कधीही भिंतीवर आदळायची तयारी ठेवणं. हंगामभर कमावलेल्या मुलाला एका हाडापायी गुणांवर पाणी सोडावं लागू नये, म्हणून त्याने सुरुवात करायची आणि पहिली संधी मिळताच गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची. माणुसकीचा नियम आहे. तो बदलू नका. गुण झिलिशचेच राहू देत.

माझी मागणी गुणांची नाहीच. नोंदवहीत त्याच ओळीत दुसरं नाव यावं आणि कोणी किती फेऱ्या चालवल्या ते लिहिलं जावं, एवढंच मी मागतो आहे. बदल कोणत्या फेरीला झाला हे आपल्या अधिकाऱ्यांना त्याच क्षणी कळतं. माहिती गोळा करण्याचे कष्टसुद्धा नाहीत.

आपल्याला हे सांगायला नको, पण मराठी वाचकांसाठी सांगतो, कारण टीव्हीवर ड्रायव्हरची अदलाबदल काही सेकंदांत उरकलेली दिसते. नॅस्कारच्या गाडीला, स्टॉक कारला, दरवाजा नसतो. ड्रायव्हर खिडकीतून आत-बाहेर करतो. आधी खिडकीवरची जाळी सोडायची, स्टिअरिंग काढून बाजूला ठेवायचं, छाती-खांद्यांवरचे पट्टे मोकळे करायचे, हेल्मेटला लागलेली हवेची नळी आणि रेडिओची वायर सोडवायची, मग अंग वर ओढून बाहेर यायचं. मोडलेलं हाड घेऊन हे करून पाहा. आत जाणाऱ्याने हेच सगळं उलट्या क्रमाने करायचं, आणि तेही दुसऱ्याच्या अंगाच्या मापाने घडवलेल्या आसनात बसून. गुडघा कुठे टेकतो, ब्रेक किती दाबल्यावर धरतो, आरशात मागची गाडी केवढी दिसते, सगळं परकं. हिरवा झेंडा पडला की ३०-३५ गाड्यांच्या मागून वाट काढत पुढे यायचं. हे नवख्याला जमत नाही. टीमने क्लिगरमनला बोलावलं कारण त्याने अशा शर्यती वर्षानुवर्षं पाहिल्या, चालवल्या आणि गमावल्या होत्या.

गमावल्या होत्या हे मुद्दाम लिहिलं. २०२४ हा त्याचा पूर्णवेळ शर्यतींचा शेवटचा हंगाम. त्या ऑक्टोबरात शार्लटच्या रोव्हल नावाच्या ट्रॅकवर तो पुढे होता. शेवटच्या फेरीचा पांढरा झेंडा अगदी समोर आला होता. तो घेतला असता तर त्यानंतर पिवळा पडला तरी शर्यत तिथेच संपली असती आणि विजय त्याचा ठरला असता. पिवळा त्याच्या क्षणभर आधी पडला. शर्यत वाढीव फेऱ्यांत गेली आणि सॅम मेयर जिंकला. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये डेटोनालाच ट्रक मालिकेत तो पहिला आला, पण शर्यतीनंतरच्या तपासणीत ट्रकचा मागचा भाग ठरवून दिलेल्या उंचीपेक्षा खाली भरला आणि विजय काढून घेतला गेला. हे दोन्ही निर्णय नियमाला धरून होते, त्यांबद्दल तक्रार नाही. पण अशा माणसाने ऑगस्टमध्ये टीव्हीवरचं समालोचन बाजूला ठेवून दुसऱ्याच्या आसनात बसून शर्यत जिंकून दिली, आणि आपल्या पुस्तकात त्याचा मागमूस नाही, हे मला सलतं. ती गाडी डेल अर्नहार्ट ज्युनियरच्या टीमची. डोक्याला मार बसल्यावर दुसऱ्याच्या हाती गाडी सोपवणं म्हणजे काय, हे त्याने स्वतः २०१२ मध्ये आणि २०१६ मध्ये भोगलं आहे.

आता उलट बाजूचं एक उदाहरण, कारण हा नियम सुरुवात करणाऱ्यालाही पुरता न्याय देत नाही. २३ जून २००७, मिलवॉकी. गाडीचा ठरलेला ड्रायव्हर डेनी हॅमलिन त्या दिवशी कॅलिफोर्नियात सोनोमाला होता आणि मिलवॉकीला पोचायला त्याला उशीर झाला. पात्रता फेरीत गाडी पोलवर, म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागेवर, आणली होती अ‍ॅरिक अल्मिरोलाने. शर्यतही त्यानेच सुरू केली आणि आघाडीवरून चालवत होता. गाडी बिघडलेली नव्हती, तो जखमी नव्हता, चुकलाही नव्हता. पण प्रायोजक मिलवॉकीचाच होता आणि त्याला आपल्या गावात हॅमलिन हवा होता. पिवळ्या झेंड्याखाली अल्मिरोलाला उतरवलं. बदलापायी गाडी बरीच मागे पडली, हॅमलिनने ती पुन्हा वर आणली आणि जिंकली. नियमाप्रमाणे विजय अल्मिरोलाच्या नावावर लागला. तो मात्र शर्यत संपायच्या आत ट्रॅक सोडून निघून गेला होता. त्या मालिकेतला त्याचा हा पहिला विजय. शेवटपर्यंत स्वतः चालवून जिंकायला त्याला त्याच मालिकेत २०१६ चा जुलै उजाडावा लागला.

मिलवॉकीच्या नोंदीत हॅमलिन नाही, डेटोनाच्या नोंदीत क्लिगरमन नाही. एका ठिकाणी पोराला पैशासाठी उतरवलं, दुसऱ्या ठिकाणी पोराला वाचवण्यासाठी जाणत्याला बसवलं. दोन घटनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पुस्तकात दोन्ही ओळी सारख्याच दिसतात. पन्नास वर्षांनी कोणी वाचेल तेव्हा त्याला यातलं काहीही कळणार नाही.

इतर शर्यतींनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. इंडियानापोलिस ५०० मध्ये १९२४ साली कोरमने सुरू केलेली ड्यूझेनबर्ग गाडी जो बॉयरने जिंकून आणली. दोघेही विजेते म्हणून नोंदले गेले. १९४१ मध्ये मॉरी रोझची स्वतःची गाडी बंद पडली, मग तो फ्लॉइड डेव्हिसच्या गाडीत बसला आणि जिंकला. तिथेही दोन्ही नावं आहेत. फॉर्म्युला वनची गोष्ट तर झिलिशच्या गोष्टीला फारच जवळची आहे. १९५७ ची ब्रिटिश ग्रां प्री, एन्ट्री (Aintree) ट्रॅक. ल मां शर्यतीत जखमी झालेला टोनी ब्रूक्स पूर्ण अंतर चालवण्याच्या अवस्थेत नव्हता. त्याने व्हॅनवॉल गाडीत शर्यत सुरू केली, गाडी टिकवली आणि गरज पडताच स्टर्लिंग मॉसच्या हाती दिली. मॉस जिंकला. विजय दोघांचा ठरला आणि ८ गुण ४-४ वाटले गेले. या नोंदीमुळे मॉसची किंवा ब्रूक्सची प्रतिष्ठा कमी झाल्याचं कोणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

आमच्याकडच्या माणसाला हे क्रिकेटवरून लगेच समजतं. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर चेंडू बसला, तो बाहेर गेला आणि मार्नस लाबुशेन त्याच्या जागी आला. लाबुशेनने ५९ धावा केल्या आणि त्या ५९ धावा लाबुशेनच्याच नावावर आहेत.

एवढा जोर मी यासाठी देतोय की आपल्या खेळात आसनं बदलत राहतात आणि त्या बदलांत अनुभवाचा हिशेब कुठेच ठेवला जात नाही. मुरलेला ड्रायव्हर गाडीतून उतरतो तेव्हा त्याच्याबरोबर काय जातं, हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी १७ मार्च २०२४ ची ब्रिस्टलची शर्यत पुन्हा पाहावी. मी ती शर्यत कितीही वेळा पाहू शकतो. अर्ध्या मैलाचा काँक्रीटचा वाडगा, ५०० फेऱ्या, आणि टायर असे की साधारण ५० फेऱ्यांत रबर संपून आतले धागे दिसायला लागायचे. कोणालाच याची कल्पना नव्हती. आपल्यालाही शर्यत चालू असताना टायरांचा एक जादा संच द्यावा लागला. वेगात चालवणारे एकामागून एक भिंतीकडे सरकू लागले, फेऱ्या गमावू लागले. आघाडी ५४ वेळा बदलली, छोट्या ट्रॅकवर याआधी कधीच इतक्यांदा बदलली नव्हती. शेवटी आघाडीच्या फेरीत, म्हणजे पहिल्यापेक्षा एकही फेरी मागे न पडलेल्या, फक्त पाच गाड्या उरल्या. पहिला डेनी हॅमलिन, वय ४३. दुसरा मार्टिन ट्रुएक्स ज्युनियर, वय ४३. तिसरा ब्रॅड केसेलोव्स्की, वय ४०.

त्या तिघांचं काय जमलं होतं ते नीट पाहा. वळणात शिरण्याआधीच ते पाय उचलत होते, स्टिअरिंग कमीत कमी फिरवत होते, वळण संपून चाकं सरळ होईपर्यंत गॅस देत नव्हते. पुढचा निघून जातोय असं दिसत असतानाही जाऊ देत होते, कारण २० फेऱ्यांनी तो पिटमध्ये दिसणार हे त्यांना ठाऊक होतं. हॅमलिन व्हर्जिनियाच्या छोट्या ट्रॅकवर लेट मॉडेल गाड्या चालवत वाढला. तिथे टायर जपणाराच जिंकतो. सिम्युलेटरवर हा पेच आलाच नसता, कारण टायर असे वागतील हे त्या मशीनला सांगणार कोण होतं?

त्या हंगामाच्या अखेरीस ट्रुएक्सने पूर्णवेळ शर्यती सोडल्या. त्याच्या १९ नंबरच्या गाडीत चेस ब्रिस्को आला. त्याची टीम, स्टुअर्ट-हास, बंद झाली होती. ब्रिस्कोने पहिल्याच वर्षी पोकोनो, डार्लिंग्टन आणि टॅलाडेगा जिंकून अजिंक्यपदासाठीच्या शेवटच्या चौघांत जागा मिळवली. तेव्हा तरुण आले की खेळ बुडतो असलं काही मला म्हणायचं नाही. २००१ मध्ये डेल अर्नहार्ट (ज्युनियरचे वडील) गेल्यानंतर तिसऱ्याच शर्यतीत, अटलांटाला, २५ वर्षांच्या केव्हिन हार्विकने जेफ गॉर्डनला ०.००६ सेकंदाने मागे टाकलं, ते पाहून ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही असा प्रेक्षक विरळा. पण हार्विकच्या हाताखाली अर्नहार्टची सगळी टीम होती, आणि ब्रिस्कोला जो गिब्स रेसिंगची. अनुभव आसनात नसला तर तो आसपास कुठेतरी असावा लागतो.

आणि अनुभवी माणसाला आसन जातं ते बहुतेकदा वयामुळे नाही, पैशामुळे. काइल बुश गिब्सकडे १५ हंगाम होता, तिथे त्याने कप मालिकेतले, म्हणजे नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेतले, ५६ विजय आणि २ अजिंक्यपदं मिळवली. मार्स कंपनीने प्रायोजकत्व सोडलं, तेवढ्या पैशाचा दुसरा प्रायोजक सापडला नाही, आणि २०२२ संपताना तो बाहेर पडला. २०२३ मध्ये नव्या टीमच्या गाडीत दुसऱ्याच शर्यतीत, फोंटानाला, तो जिंकला. मॅट केन्सेथला २०१७ नंतर पूर्णवेळ जागा नव्हती. एप्रिल २०२० मध्ये ऑनलाइन शर्यतीत वंशद्वेषी शब्द उच्चारल्यामुळे काइल लार्सनला काढलं तेव्हा ४८ वर्षांच्या केन्सेथला फोन गेला. दीड वर्ष कप गाडीत न बसलेला माणूस, करोनामुळे सराव नाही, पात्रता फेरी नाही, थेट डार्लिंग्टनला हिरवा झेंडा, आणि तो दहावा आला. जुलैत इंडियानापोलिसला दुसरा. बाकीचं वर्ष त्याचं ओढाताणीत गेलं, हेही खरं. अनुभव म्हणजे जादू नव्हे. गाडीशी सूत जुळायला वेळ लागतो, आणि वेळ देणं आपल्या हातात आहे.

म्हणून दुसरी मागणी. टीमनी स्वतःहून ट्रॅकवर चाचण्या घेणं आपण बंद केलं, खर्च आवरण्यासाठी, आणि ते समजण्यासारखं आहे. शर्यतीच्या आठवड्यातला सरावही आता २०-२५ मिनिटांवर आला आहे. जो दर आठवड्याला त्याच आसनात बसतो त्याला ते पुरत असेल. आदल्या दिवशी निरोप मिळालेल्या माणसाला कसं पुरणार? मार्च २०२३ मध्ये चेस एलियटचा पाय शुक्रवारी मोडला आणि रविवारी लास व्हेगासला जॉश बेरी त्याच्या गाडीत होता. आला २९ वा. हाच बेरी काही आठवड्यांनी रिचमंडला त्याच गाडीत दुसरा आला, आणि मार्च २०२५ मध्ये त्याच लास व्हेगासला वुड ब्रदर्ससाठी जिंकला. वर्षानुवर्षं गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर घडलेला, तिशी उलटल्यावर कपमध्ये आलेला हा ड्रायव्हर कधीच कच्चा नव्हता. त्याला फक्त गाडी ओळखायला अवधी हवा होता. आजारपणामुळे किंवा दुखापतीमुळे आयत्या वेळी बदललेल्या ड्रायव्हरला अर्धा तास जादा सराव द्या. त्या एका गाडीपुरता. यात कोणावर अन्याय होत नाही, आणि घोळक्यात परकी गाडी घेऊन शिरणाऱ्याच्या, त्याच्या शेजारच्यांच्या सुरक्षेचाही हा प्रश्न आहे.

पहिल्या मागणीला आपल्याकडून कोणता आक्षेप येईल याचा मी विचार केला आहे. एक शर्यत, एक विजेता. दोन नावं आली की आकडेवारी गढूळ होते, असं म्हटलं जाईल. पण ती आज स्वच्छ आहे का? २०१६ मध्ये टोनी स्टुअर्ट पाठीचं हाड मोडल्यावर परतला, तेव्हा टॅलाडेगाला त्याने सुरुवात केली आणि पुढे गाडी टाय डिलनने सहाव्या क्रमांकावर आणली. ते गुण स्टुअर्टला मिळाले आणि त्या वर्षी तो 'चेस'मध्ये, म्हणजे अजिंक्यपदासाठीच्या अखेरच्या टप्प्यात, पोचला. डिलनचा वाटा कुठे आहे? १९९६ मध्ये इंडियानापोलिसला छाती आणि खांद्याजवळची हाडं मोडलेला डेल अर्नहार्ट काही फेऱ्यांत उतरला आणि माइक स्किनरने ती काळी गाडी पंधरावी आणली. स्किनरचं नाव जुन्या चाहत्यांच्या तोंडी आहे, निकालाच्या तक्त्यात नाही. याउलट त्याच २०१६ मध्ये डेल अर्नहार्ट ज्युनियरच्या जागी जेफ गॉर्डन निवृत्तीतून परत आला, आठ शर्यती चालवल्या, मार्टिन्सव्हिलला सहावा आला. त्या शर्यती त्याने पहिल्या फेरीपासून चालवल्या म्हणून त्याच्या ८०५ शर्यतींत त्या मोजल्या जातात. फरक फक्त हिरवा झेंडा पडला तेव्हा आत कोण होतं याचा.

विजयांची मोजणी वाढवायची नसेल तर वेगळा रकाना करा. विजय झिलिशचा, शेवट क्लिगरमनचा, दोघांच्या फेऱ्या नावापुढे. त्या हंगामातल्या झिलिशच्या १० विजयांतला एकही कमी होणार नाही. सुरुवात डेटोना २०२५, टॅलाडेगा २०१६ आणि मिलवॉकी २००७ या तीन नोंदींपासून करता येईल, आणि जुन्या काळात उन्हाने भाजलेल्या ड्रायव्हरला उतरवून दुसऱ्याने गाडी शेवटाला नेल्याचे जे निकाल आपल्या दप्तरात असतील तेही सवडीने तपासता येतील. त्या जुन्या काळातली माणसं आता वयस्कर झाली आहेत. काही अजून हयात आहेत, तोवर हे काम व्हावं.

दोन्ही मागण्यांवर आपलं उत्तर, नकार असला तरी, कारणासह जाहीर करावं ही विनंती.

कळावे,
आपला,
शार्लटचा एक मराठी प्रेक्षक